सहा महिन्यांनंतर उघडावे

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे त्यांना, आणि त्यांच्याविषयी इतरांना, मी एकूण सतरा पत्रे लिहिली. एक वगळता सर्व पत्रे रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह. सर्वांच्या प्रती माझ्याकडे आहेत. कोल्हापुरातील ज्या न्यायालयात मी आयुष्यभर नोकरी केली आणि जेथून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, तेथे शब्द खोडला तर खोडलेल्या जागी सही करावी लागते. त्या सवयीमुळे मी सहसा काही खोडत नाही. सतरा पत्रांत फक्त एका कागदावर खाडाखोड आहे, आणि तिच्याशेजारी माझी सही आहे. तो कागद मी कोणालाही दाखवत नसे. आज त्यातील मजकूर सांगणार आहे.

हे गृहस्थ रक्तविकारांचे डॉक्टर होते. मूळचे गडमुडशिंगीचे, शिक्षण मुंबईचे, आणि मुंबईचा लवलेशही जिभेवर राहू न दिलेले. राजारामपुरीत दोन खोल्यांचा दवाखाना होता. तेथे रोज सकाळी ते एका जुनाट मोपेडवरून येत आणि हेल्मेट डोक्यावर ठेवूनच पहिले दोन रुग्ण तपासत. एकदा मी त्यांच्या हे लक्षात आणून दिले. ते म्हणाले, "असू दे ओ. काढलं की कुठं ठेवलं ते सापडत न्हाय."

मी त्यांना प्रथम पाहिले ते नव्वदच्या दशकात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. विम्याचा दावा होता. मयताला रक्ताचा कर्करोग होता आणि तो किती जगला असता, हे वकिलाला त्यांच्या तोंडून हवे होते. वकील पुन्हा पुन्हा विचारीत होता, "अंदाजे सांगा, डॉक्टर. शेकडा किती शक्यता होती?"

"आता माणूस गेल्यावर मी कायबी सांगीन की," हे गृहस्थ म्हणाले. "मेल्यावर समदेच डॉक्टर हुशार असत्यात. आधी विचारायचं हुतं."

न्यायालयात हशा पिकला. मी हसलो नाही. साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, प्रश्न केव्हा विचारायला हवा होता हे सांगू नये, असे माझे मत होते आणि आजही आहे. त्यांचा चेहरा मी लक्षात ठेवला. तो पुन्हा माझ्यासमोर येईल, आणि तेव्हा पिंजऱ्यात एका अर्थी मीच उभा असेन, याची मला कल्पना नव्हती.

माझ्या पत्नीला डाव्या बरगडीखाली जड वाटू लागले ते दोन हजार सालानंतर. दोन घासांतच पोट भरे. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी मोजमापाबाहेर गेलेल्या. क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोगच, पण सावकाश चालणारा, असे निदान झाले आणि आम्हाला या गृहस्थांकडे पाठवण्यात आले.

त्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि ती रुग्णासाठी होती. स्वतः ते स्टुलावर बसत. माझ्यासारख्या सोबत आलेल्या माणसाने उभे राहावे अशी व्यवस्था होती. त्यांनी पत्नीच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "पानथरी सात बोटं."

पोटात डाव्या अंगाला असणाऱ्या त्या अवयवाला, प्लीहेला, आमच्याकडे पानथरी म्हणतात, हे मला माहीत होते. बोट हे वैद्यकीय परिमाण आहे, हे मात्र माहीत नव्हते. मी घरी येऊन पहिले पत्र लिहिले. बोट कोणाचे, त्याची रुंदी किती, आणि सेंटिमीटर उपलब्ध असताना बोट वापरण्यास आधार कोणता, असे तीन मुद्दे होते. चौथ्या दिवशी उत्तर आले. तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर एकच ओळ होती: "बोटं माझी. वीस वर्षं तेवढीच हायत."

नवीन गोळी नुकतीच आली होती. रोगी पेशींना हुकूम देणाऱ्या एका बिघडलेल्या प्रथिनालाच ती धरते आणि बाकी शरीराला त्यामानाने मोकळे सोडते, असे त्यांनी सांगितले. रोज एकदा, भरपेट जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. न चुकता. शिवाय ती एका कंपनीच्या मदत योजनेतून फुकट मिळणार होती. येथेच माझा पहिला संशय बळावला. ज्या वस्तूसाठी कोणी काही मागत नाही, तिच्या बदल्यात तो काय घेतो, हे शोधणे हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीने तो पक्का केला.

म्हणून मी बंदोबस्त केला. गोळ्यांचा तक्ता आखून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. रोज रात्रीच्या जेवणानंतर पत्नी गोळी घेई आणि मी पट्टी तपासे. त्या तारखेचा कप्पा फुटलेला असला की तक्त्यावर माझी आद्याक्षरे. असा तक्ता चार वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात एकही चौकट मोकळी नव्हती.

या गृहस्थांची एक विचित्र खोड होती. रुग्ण खुर्चीत बसला की ते नाडी पाहण्याआधी वार विचारत. "वहिनी, आज वार कुठला?" पत्नीने सांगितले की पुढे, "मग रविवारी काय खाल्लासा? आणि शुक्रवारी?" प्रत्येक भेटीत हेच. पत्नी खाली पाहून "नेहमीचंच" म्हणे. मला हे वेळकाढूपणाचे वाटे. एकदा मी मध्ये पडलो आणि सांगितले की गोळ्यांबाबत काही शंका असल्यास माझ्याकडे पूर्ण अभिलेख आहे. ते माझ्याकडे वळले.

"साहेब, गोळी तुम्ही खाताय का वहिनी?"

"प्रश्नाचा रोख समजला नाही."

"मला तरी कुठं समजलाय."

त्याच आठवड्यात मी त्यांना लेखी निवेदन पाठवले, सत्यप्रतिज्ञेच्या नमुन्यात. त्यात मी शपथपूर्वक नमूद केले की माझ्या पत्नीची आजतागायत एकही मात्रा चुकलेली नाही. खाडाखोड आहे ती याच कागदावर. तेव्हा नव्हती, नंतर झाली.

दुसरी खोड झेरॉक्सची. भेटीच्या मध्येच ते एखादा कागद माझ्या हातात देत आणि म्हणत, "एवढ्या दोन प्रती आणा की." दवाखान्यात सिस्टर होती, निपाणीकडची, आवाज असा की रस्त्यावरच्या माणसाने उत्तर द्यावे. ती रिकामी बसलेली असे आणि तरी मलाच पाठवले जाई. कागदाची प्रत काढायची म्हटली की मी नाही म्हणू शकत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. परत येई तेव्हा पत्नी पदराने डोळे टिपत असे आणि सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत असे, "अक्का, गप्प की आता. साहेब आलं." मी डायरीत नोंद ठेवू लागलो. अनुपस्थिती अकरा मिनिटे. अनुपस्थिती चौदा मिनिटे. विचारल्यावर पत्नी म्हणे, "काही नाही हो. आजाराचंच बोलणं." माझ्या पत्नीच्या आजाराचे असे कोणते बोलणे असू शकते जे माझ्या माघारी व्हावे?

पहिली दोन वर्षे रिपोर्ट चांगले आले. मग रोगी पेशी पुन्हा दिसू लागल्या, आणि एका रिपोर्टात त्या इतक्या वाढल्या की हे गृहस्थ हेल्मेट काढून बसले. पहिली गोळी पुरी पडत नाही, दुसऱ्या फळीची गोळी सुरू करावी लागेल, असे ते म्हणाले. तशा दोन गोळ्या तेव्हा नुकत्याच मिळू लागल्या होत्या. एक कशीही घेतली तरी चालणारी. दुसरी दिवसातून दोनदा आणि दोन्ही वेळा कडक उपाशीपोटी: आधी दोन तास काही खायचे नाही, नंतर एक तास खायचे नाही. कोणत्याही समंजस माणसाने यांतली सोपी निवडली असती. यांनी दुसरी निवडली.

"कारण?" मी विचारले.

"वहिनींना उपाशी ऱ्हायची सवय हाय."

"हे कारण वैद्यकीय नाही."

"ह्याच्याइतकं वैद्यकीय कारण मी वर्षभरात दिल्यालं न्हाय, साहेब."

मी विचारले की ही दुसरी गोळी लागू पडेल किंवा नाही हे कशावरून ठरवता. तेव्हा मात्र त्यांनी नीट उत्तर दिले, आणि तेवढ्यापुरते न्याय म्हणून ते येथे नोंदवतो. "पहिल्या गोळीला रोगानं किती दाद दिलती, हे एक. गोळी चालू असताना पांढऱ्या पेशी वरचेवर ढासळत हुत्या का, हे दोन. आणि अगदी सुरवातीला दुखणं किती जोरात हुतं, वय, पानथरी, रक्त, हे तीन. ह्या तिन्हींचा मेळ घालून मोठे डॉक्टर अंदाज बांधत्यात. मीबी बांधतो. पण माझी चौथी एक गोष्ट हाय."

"कोणती?"

"ती पाकिटात."

येथे पाकिटाचा प्रकार सांगणे भाग आहे. दुसऱ्या फळीची गोळी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाचे पुढे काय होईल, हे हे गृहस्थ एका कागदावर लिहीत, पाकिटात घालून बंद करीत, आणि ते पाकीट नातेवाइकाच्याच ताब्यात देत. वर लिहिलेले असे: सहा महिन्यांनंतर उघडावे. ठरलेल्या दिवशी ते सर्वांसमक्ष फोडायचे. अंदाज बरोबर निघाला की खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, डाव्या हाताला, कात्रीच्या टोकाने एक ओरखडा. चुकला तर उजव्या हाताला. मी ते दार पाहिले होते. उजवीकडचे ओरखडे कमी नव्हते, आणि ते दाखवताना हा माणूस चक्क खूश दिसत असे.

"हे कशासाठी?" मी विचारले होते.

"नंतर म्हणाय येतंय की मला ठावं हुतं. तसं म्हणाय लागलो की डॉक्टर संपला. म्हणून माझा मीच मला धरून ठेवलाय."

मला हे उत्तर पटले नाही. माणसांच्या प्राणांवर लावलेल्या या पैजा आहेत असे मी मानले, आणि त्या कोणाबरोबर लावल्या जातात हे शोधायचे ठरवले. तरीही पाकीट मी घेतले. घेताना अट घातली की गोंदावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी घरून लाख आणि माझी पितळी मोहोर घेऊन गेलो आणि त्यांच्यासमक्ष पाकिटाच्या तोंडावर तीन जागी मोहोर उठवली. सिस्टर मेणबत्ती धरून उभी होती. "पावणं," ती म्हणाली, "लगीन लावताय का गुन्हा?" डॉक्टर मात्र गंभीरपणे पाहत होते. मोहोर वाळल्यावर त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस मला आधी मिळायला पाहिजे हुता." यातही काही डाव असावा असे मला वाटले.

पाकीट मी माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवले. आत काय आहे हे जाणून घेण्याची इच्छा मला नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या पत्नीचे मरण किंवा जगणे त्या कागदावर लिहिलेले होते आणि तो माझ्या हाताशी होता. परंतु फोडलेले पाकीट पुरावा राहत नाही. मला ते पुरावा म्हणून हवे होते.

त्यानंतर पत्रव्यवहार वाढला. अकरा परिच्छेदांच्या एका पत्रात मी विचारले: दोन गोळ्यांपैकी अवघड गोळी निवडण्यात कोणाचे हित आहे, कंपनीशी संबंध काय, पाकिटांतील मजकूर कोणास पुरवला जातो, माझ्या अनुपस्थितीत पत्नीशी काय बोलणे होते. उत्तर फॉर्मच्या पाठीवरच आले. "परिच्छेद १ ते ८, १०, ११ : न्हाई. परिच्छेद ९ : वहिनींना विचारा."

परिच्छेद नऊ हा अनुपस्थितीबाबतचा होता. मी ही उडवाउडवी मानली. जबाबदार माणूस आपल्या उत्तराचा भार रुग्णावर टाकतो, याचा मला इतका संताप आला की त्याच दिवशी मी वैद्यकीय परिषदेकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा करायला घेतला. रुग्णांच्या आयुष्यावर पैजा लावणे, निदान आणि अंदाज दडवणे, पतीला हेतुपुरस्सर दूर ठेवून रुग्णावर दबाव आणणे. त्यांची सनद रद्द व्हावी अशी प्रार्थना शेवटी होती. मसुदा चांगला झाला होता. आजही तो कसबाच्या दृष्टीने चांगला आहे.

दुसरी गोळी सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. शुक्रवार होता, दुपारची वेळ. तक्रारीला सहपत्रे जोडायची होती. पहिल्या गोळीच्या रिकाम्या पट्ट्या मी जपून ठेवायला सांगितल्या होत्या. मला सिद्ध करायचे होते की आमच्याकडून पूर्ण पथ्यपालन झाले असूनही गोळी अपयशी ठरली, सबब दोष डॉक्टरांचा. मी पत्नीला पट्ट्या मागितल्या. ती स्वयंपाकघरातून पट्ट्यांची पिशवी घेऊन आली. तक्रारीवर तिची नजर गेली. माझे अक्षर सुवाच्य आहे. तिने उभ्या उभ्या शेवटची प्रार्थना वाचली.

"ही पाठवणार?"

"आज. चारच्या आत टपालात पडली पाहिजे."

ती आत गेली. मला वाटले, रडायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात शेवयांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो तिने माझ्या मसुद्यावर ठेवला आणि झाकण काढले. आत गोळ्या होत्या. पहिल्या गोळ्या. अर्धा डबा भरून.

"रविवार जोतिबाचा, शुक्रवार अंबाबाईचा," ती म्हणाली. "आजार कळल्यावर दोन्ही धरले. तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा."

सांगितले होते. उपवासाला माझी हरकत नव्हती. मी बाजारातून साबुदाणा आणून देत असे.

"डॉक्टर म्हणालेले, भरपेट जेवून गोळी घ्यायची. उपवासाला जेवण कुठलं? जेवण नाही तर गोळी नाही, असं मला वाटलं. रिकाम्या पोटी एकदा घेतली तर उलट्या झाल्या. मग त्या दोन दिवसांची काढून डब्यात ठेवायची. टाकवेना हो. औषध आहे."

"पण तक्ता," मी म्हणालो.

"तुम्ही पट्टी बघायचा. पट्टी फुटलेली असायची."

आठवड्यातून दोन दिवस. चार वर्षांहून अधिक काळ. मी प्रत्येक चौकटीत आद्याक्षरे केली होती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. चुकतंय हे मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, पण धरलेला उपवास मोडवेना. घरी येऊन सांगायचं म्हणत होते, तर तुम्ही त्यांना शपथेवर लिहून दिलं होतं. एकही चुकली नाही म्हणून. मला न विचारता. मग मी काय तुम्हाला खोटं पाडू? त्यांनी कितीदा सांगितलं, वहिनी, नवऱ्याला सांगा. मीच पाया पडले, सांगू नका म्हणून. आता तुम्ही त्या माणसाचा दवाखाना बंद करायला निघालाय."

वाचकांना माझ्या स्वभावाची कल्पना एव्हाना आली असेल. मी ओरडणारा माणूस आहे. कचेरीत माझा आवाज खालच्या मजल्यावर जात असे. त्या दुपारी तो बाहेर पडण्याच्या बेतात होता आणि शब्दही तयार होते: फसवणूक, विश्वासघात, खोटा पुरावा. मी तोंड उघडले तेव्हा ती दोन पावले मागे सरली. मारण्यासाठी मी आयुष्यात कधी हात उचललेला नाही. तरीही ती मागे सरली. म्हणजे ही सवय जुनी होती, आणि माझ्या कोणत्याही तक्त्यात तिची नोंद नव्हती.

मी तोंड मिटले. तक्रारीखालचा कोरा कागद ओढला, आणि मला जे येते ते केले. पत्र लिहिले. सतरावे, आणि ते पत्नीला. बाकी सारी रजिस्टर टपालाने गेली. हे मी स्वतः ओट्यावर नेऊन ठेवले आणि पोच घेतली नाही. त्यात चार परिच्छेद होते. एक, आपणास न विचारता आपल्या वतीने केलेले निवेदन खोटे असून मी ते मागे घेत आहे. दोन, पट्टीची तपासणी आजपासून बंद. तीन, उपवास कोणता धरावा व कोणता सोडावा हा आपला अधिकार आहे; फक्त गोळीबाबत डॉक्टरांना विचारावे. चार, गोळीने काही त्रास झाल्यास, किंवा ती चुकल्यास, मला सांगावे. मला सांगणे शक्य नसेल तर डॉक्टरांना सांगावे. मी स्वतःहून झेरॉक्सला जाईन.

तासाभराने कागद परत आला. तिने पाठीवर लिहिले होते: "वाचलं. आठ दिवस अंगाला खाज सुटते आहे, ते सांगायचं होतं. संध्याकाळची गोळी घेणार आहे. बघायला येऊ नका."

मी गेलो नाही. बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. त्या संध्याकाळी मी घड्याळाकडे किती वेळा पाहिले याची नोंद केलेली नाही.

पुढल्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. पत्नीने खाजेचे सांगितले. त्यांनी हात तपासले, साधे औषध लिहून दिले, म्हणाले, "हे वेळेवर सांगितलंसा ते बेस केलंसा." मग निवेदनाची मूळ प्रत मी मागितली. त्यांनी ती फायलीतून काढली. "एकही मात्रा चुकलेली नाही" हे शब्द मी रेघ मारून खोडले आणि शेजारी सही केली. मीच म्हणालो, "प्रती काढून आणतो," आणि बाहेर पडलो. दुकान समोरच होते. मी मुद्दाम चौकापर्यंत फेरी मारून आलो.

दुसरी गोळी उपाशीपोटी घ्यायची होती, त्यामुळे रविवार आणि शुक्रवारचा प्रश्न आपोआप सुटला. उपवास पोटाला आणि गोळीला सारखाच मानवला. सकाळी सहाला एक, संध्याकाळी सहाला एक. जेवणाची माझी ठरलेली वेळ एक तासाने पुढे गेली. गेली तर गेली.

सहा महिने पूर्ण झाले. मुंबईहून रिपोर्ट आला होता. तपासलेल्या पेशींत रोगी पेशी सापडली नव्हती. पत्नी खुर्चीत होती, सिस्टर दारात, मी उभा, आणि पाकीट टेबलावर. भिंग लावून मी तिन्ही मोहोरा तपासल्या. शाबूत होत्या. मग ते फोडून मी मोठ्याने वाचले. मजकूर असा होता:

"रक्तावरनं बघितलं तर गोळी लागू पडायला पाहिजे. तरी पडणार नाही. पहिली गोळी चुकत होती हे बाई नवऱ्याला सांगू शकत नाहीत. चुकलेली गोळी जी सांगू शकत नाही, ती नव्या गोळीचा त्राससुद्धा सांगणार नाही, गुपचूप बंद करील. आणि नवऱ्याला कळलंच तर तो घर डोक्यावर घेईल, तेव्हा तर सगळंच बंद होईल. सहा महिन्यांत रोग परत."

मला आठवते, मी तो कागद चौघडी घातलेल्या रेषेवर तंतोतंत मिटला.

त्यांनी कपाटाचे दार उघडले आणि कात्री माझ्यापुढे धरली. "उजवीकडं," ते म्हणाले. "तुमच्या हातानं."

"अंदाज आपला होता."

"माझाच की. पण वहिनींच्या बाबतीत मी न्हाय चुकलो, साहेब. तुमच्या बाबतीत चुकलो."

मी ओरखडा काढला. लोखंडावर कात्री चालत नाही. दोनदा काढावा लागला.

"एक विचारतो," मी म्हणालो. "हे माझ्याच ताब्यात दिलेत. मी आधीच उघडले असते तर?"

"तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं, आणि माझी रेघ डावीकडं पडली असती." ते हसले. "दुसरा कोण असता तर त्याच दिवशी चहाच्या वाफेवर पाकीट सोडवलं असतं. तुम्ही लाख लावलासा. लाख लावताना बघितलं तवाच वाटलं, हितं मी चुकू शकतो. पण लिहून झालतं. बदलाय येत न्हाय."

हे उत्तर मी घरी येऊन शब्दशः लिहून ठेवले आणि त्यानंतर अनेकदा वाचले. ते खरे आहे किंवा नाही, हे मला ठरवता आलेले नाही. ज्या माणसाने मला प्रत्येक वेळी नेमक्या कागदासह बाहेर पाठवले, त्याने नेमके माझ्याच ताब्यात पाकीट दिले ते सहज दिले असेल? शेवटी मला वाचायला लाज वाटेल असाच मजकूर त्याने मुद्दाम लिहिला नसेल कशावरून? स्वतःचा अंदाज खोटा पडावा म्हणूनच तो लिहिला असेल, तर ती पैज कोणाशी होती? मी याबाबत त्यांना विचारणारे पत्र लिहायला घेतले होते. अठरावे. ते पुरे होण्याआधीच हे गृहस्थ गेले. मोपेड दवाखान्याच्या दाराशी लावली आणि आत येऊन स्टुलावर बसले, ते उठले नाहीत. हेल्मेट डोक्यावरच होते, असे सिस्टरने सांगितले आणि ती त्या आवाजाची बाई हुंदके देऊन रडली.

दवाखान्याची जागा घरमालकाने परत घेतली. लोखंडी कपाट भंगारात जाणार होते. मी घरमालकास रीतसर पत्र लिहून कपाटाच्या दाराची मागणी केली. त्याने मला वेडा ठरवले आणि दार देऊन टाकले. ते आता आमच्या स्वयंपाकघरात, जेथे तक्ता होता तेथे, भिंतीला टेकवून उभे आहे. पत्नी त्याच्या कडीला फडके वाळत घालते.

आज रविवार आहे. सहा वाजायला आले आहेत. ती आत आहे, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. पट्टी फुटल्याचा आवाज येथपर्यंत येतो किंवा येत नाही, याबद्दल मी काही सांगू शकत नाही. मी बाहेरच्या खोलीतच बसलो आहे.